खलनायक गजाआड गेला, टेलला पाणी कुठं आलं?

लाच घेताना पकडायचा सापळा कसा लावतात हे आता खेड्यातल्या पोरांनाही माहीत आहे. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात, तक्रारदार त्या नोटा साहेबांच्या हातात ठेवतो, ठरलेली खूण करतो आणि दारामागून पथक आत शिरतं. साहेबांची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आणि चौकातल्या टपरीवर दोन दिवस तोच विषय. सिनेमावाल्यांना हा प्रसंग आवडणारच. दबा धरणं, धाड, रंग, उतरलेला चेहरा, सगळं आयतं मिळतं. तिथं पडदा पाडला की प्रेक्षक खूश होऊन घरी जातो.

पुढची गोष्ट कंटाळवाणी आहे, म्हणून ती कुणी दाखवत नाही. साहेब निलंबित होतात आणि त्यांना सुरुवातीला अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता सुरू होतो. खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. प्रस्ताव जातो, त्रुटी निघतात, तो परत येतो. मधल्या काळात निलंबनाचा आढावा होऊन साहेब एखाद्या अकार्यकारी खुर्चीवर रुजू झालेले असतात. खटला उभा राहीपर्यंत पंच दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेले असतात आणि तक्रारदाराचं दुसरंच एखादं काम त्याच कार्यालयात अडलेलं असतं. मग तो साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणतो, "आता काही आठवत नाही जी." तक्रारदार फितूर होणं इतकं नेहमीचं, की २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला या प्रश्नात लक्ष घालावं लागलं. तक्रारदार उलटला किंवा मेला तरी इतर पुराव्यांवरून लाचेची मागणी सिद्ध करता येते, असा निर्वाळा तेव्हा या पीठानं दिला.

म्हणजे ज्या गुलाबी पाण्याला सिनेमा शेवट समजतो, ती खऱ्या गोष्टीची जेमतेम सुरुवात असते. भ्रष्टाचारावरच्या चित्रपटाचा शेवट गोड केला, की त्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग कापला जातो, असं माझं मत आहे. भ्रष्टाचार एका माणसाच्या पोटात नसतो. तो टक्केवारीत असतो, सहीच्या क्रमात असतो, खालपासून वरपर्यंत पोचणाऱ्या हिश्श्यात असतो. माणूस पकडला तरी हिस्सा पोचतच राहतो. तो कुठून कुठं जातो, हे नायक जिंकला तर दिसत नाही. तो हरतो तेव्हा प्रत्येक टेबलावर कसा अडला ते दाखवावं लागतं, आणि हे दाखवणं म्हणजेच तो विषय.

विदर्भात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हातून झाली. मूळ खर्च ३७२ कोटी आणि भंडारा, नागपूर, चंद्रपूर या धानपट्ट्यातलं अडीच लाख हेक्टर ओलिताखाली आणायचा वायदा. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च वाढत वाढत अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. कालव्याच्या कामाच्या दर्जावर चौकशी समित्या बसल्या. २०१२ साली तर सिंचन हाच राज्यभराचा विषय झाला. आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून बोभाटा झाला की दहा वर्षांत ७० हजार कोटी खर्चून सिंचनाचं क्षेत्र ०.१ टक्का वाढलं. पाटबंधारे खात्यातल्याच विजय पांढरे या मुख्य अभियंत्यानं पत्र लिहून प्रकरणाला तोंड फोडलं. सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली, त्यात सरकारनं वाढीचा आपला वेगळा आकडा मांडला, आणि डिसेंबरात उपमुख्यमंत्री पुन्हा पदावर आले. जनमंच ही संस्था उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. २०१६ पासून लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं गुन्हे नोंदवले. २०१९ च्या नोव्हेंबरात त्याच विभागानं नऊ प्रकरणांची चौकशी बंद केली.

आता यावर सिनेमा काढायचा म्हटलं तर गोड शेवट कुठून आणणार? समजा लेखकानं धीर करून एक ठेकेदार आणि एक कार्यकारी अभियंता गजाआड टाकला. पार्श्वसंगीत वाजलं, नायकानं आकाशाकडं पाहिलं. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याला आपल्याकडे टेल म्हणतात, तिथल्या गावातला शेतकरी हा सिनेमा पाहत असेल तर त्याच्या मनात एकच प्रश्न येईल: पाणी आलं का? त्या प्रश्नाला अटकेचं उत्तर देता येत नाही. त्याला पाणीच द्यावं लागेल, नाहीतर पाणी नाही हे तरी कबूल करावं लागेल. दोन्ही न करणारा सिनेमा त्याला खोटा वाटतो. तो टाळ्या वाजवेल, शिट्टीही मारेल, आणि बाहेर पडताना म्हणेल, "पिक्चर हाय तो, असं कुठी होते काय?"

पाण्याच्या घोटाळ्यावरचा जगातला बहुधा सर्वांत गाजलेला चित्रपट १९७४ चा 'चायनाटाउन'. गोष्ट लॉस एंजेलिसची. शहरात दुष्काळाची ओरड चालू असताना रात्री पाणी सोडून दिलं जातं, खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी कवडीमोलानं घेतल्या जातात, आणि त्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर चढतात. त्यातला एक तर व्यवहाराच्या आधीच मेलेला असतो. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसाचा अंगठा पाहिलेल्या आपल्या लोकांना यात नवीन काही वाटणार नाही. या चित्रपटाचा पटकथाकार रॉबर्ट टाउन याला शेवट जरा दिलासा देणारा हवा होता. दिग्दर्शक रोमन पोलान्स्की अडून बसला. त्याच्या शेवटात म्हातारा धनदांडगा सुटतो, ज्या मुलीला त्याच्यापासून वाचवायचं होतं तिलाच घेऊन जातो, तिची आई पोलिसांच्या गोळीनं मरते, आणि गुप्तहेर नायकाला त्याचेच मित्र हाताला धरून बाजूला नेतात. अमेरिकेत १९३४ पासून १९६८ पर्यंत चित्रपटांवर एक आचारसंहिता लागू होती, तिच्या नियमांत गुन्हेगाराला मोकळं सोडणं बसतच नव्हतं. ती गेल्यावर सहा वर्षांत असा शेवट पडद्यावर येऊ शकला. पन्नास वर्षं लोक त्यावर बोलतायत. म्हाताऱ्याला बेड्या घातल्या असत्या तर हा आणखी एक बरा रहस्यपट ठरला असता.

आपल्या मराठीत याची तुलना एकाच जोडीच्या दोन चित्रपटांत करता येते. जब्बार पटेल दिग्दर्शक, विजय तेंडुलकर लेखक. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या 'सामना'त साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलाला शेवटी कायद्यापुढे जावं लागतं. न्याय होतो. पण आज कुणाला विचारा, 'सामना'तलं काय आठवतं? हिंदुरावाची अटक क्वचितच कुणी सांगेल. आठवतो तो मास्तरचा प्रश्न, मारुती कांबळेचं काय झालं? विधानसभेपासून ग्रामसभेपर्यंत अजून कुणी गायब झालं, एखादी फाइल गायब झाली, की हाच प्रश्न नाव बदलून विचारला जातो. उत्तर मिळूनही तो विझला नाही, कारण बाहेर रोज नवा मारुती कांबळे होतो.

'सिंहासन' १९७९ चा. इथं न्याय नावालाही नाही. मुख्यमंत्र्यांची खुर्ची डळमळते, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे तिच्या पायाला हात घालतात, मजूर, तस्कर, पुढारी सगळे त्या खेळात वापरले जातात, आणि शेवटी वरच्या वर तडजोड होते. हे सगळं पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांचं ते हसणं पाहून बाहेर आलेला माणूस हलका होऊन घरी जात नाही. मुंबईच्या सत्तेवरच्या या चित्रपटाची दोन मुळं मात्र अमरावती जिल्ह्यात आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. ज्या कादंबऱ्यांवर तो बेतला त्या अरुण साधूंच्या, आणि साधू जन्मले परतवाड्याला. त्यातलं 'उषःकाल होता होता काळरात्र झाली' हे गाणं अमरावतीच्या सुरेश भटांचं. लोक या गाण्याची पहिली ओळ निराशेची म्हणून म्हणतात आणि दुसरी विसरतात. दुसऱ्या ओळीत भट मशाली पेटवायला सांगतात. पण काळरात्र कबूल केल्याशिवाय ते मशालीवर येत नाहीत, आणि मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधीच सूर्य उगवलेला दाखवला तर मशाल कोण कशाला पेटवील?

हिंदीतला 'जाने भी दो यारो' १९८३ चा. दोन भोळे फोटोग्राफर बिल्डर आणि आयुक्ताच्या साटंलोट्याचा पुरावा गोळा करतात, आणि कोसळलेल्या पुलाचा गुन्हा शेवटी त्यांच्याच माथी बसतो. कैद्याच्या कपड्यांत ते आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. दोन तास हसवून झाल्यावर हे. गंभीर चित्रपटापेक्षा हा घाव खोल जातो, कारण हसता हसता आपण बेसावध झालेलो असतो.

यावर गावाकडून एक आक्षेप येतो आणि तो मी हलक्यानं घेत नाही. लोक म्हणतात, आमच्या घरी दुःख काय कमी आहे की तिकीट काढून आणखी पाहावं? यवतमाळ-वर्ध्यात ज्यानं कापसाचा भाव, बोंडअळी आणि सावकार एकाच वर्षी पाहिले, त्याला दिवसभराच्या कामानंतर मोबाइलवर दक्षिणेतला डब केलेला पिक्चर हवा असतो, ज्यात हिरो एका लाथेत दहा गुंड उडवतो आणि भ्रष्ट आमदाराला भर चौकात फरफटत आणतो. पाहू द्या. ती करमणूक आहे, झोप लागण्यापुरती. माझं भांडण त्या पिक्चरशी नाहीच. भांडण आहे ते स्वतःला भ्रष्टाचारावरचा गंभीर चित्रपट म्हणवणाऱ्याशी, जो पहिले दोन तास खरं बोलतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत शब्द फिरवतो.

या आक्षेपात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती दुःखान्ताच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी नीट ऐकायला हवी. आपल्या भागात दुःखान्त म्हटला की लेखकाच्या हाताला पहिलं काय लागतं? दोर नाहीतर कीटकनाशकाचा डबा. नायक कर्जात बुडतो, कार्यालयातून कार्यालयात फिरतो, आणि शेवटी झाडाखाली कॅमेरा थांबतो. हा शेवट मला साफ नामंजूर आहे. तो आळशी आहे, आणि ज्या जिल्ह्यांत हे खरंच घडतं तिथं तो आत्महत्येला एक प्रकारचं उत्तर बनवतो. त्यातून एक सोयही होते: माणूस मेला की प्रेक्षक रडतो, आणि कुणाची सही कुठं अडली होती हा प्रश्न रडण्यात वाहून जातो. मला हवा तो दुःखान्त जिवंत माणसाचा आहे. नायक हरतो आणि सोमवारी पुन्हा तहसीलला जातो. खुर्चीवर नवा साहेब असतो, दर तोच असतो.

२००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या काळात शेतकऱ्यांना जास्त दूध देणाऱ्या महागड्या जातीच्या गायी वाटल्या गेल्या. ज्याच्या घरी माणसांच्या जेवणाची मारामार, त्यानं त्या गायीला ढेप कुठून घालायची? कित्येकांनी गायी विकल्या, कित्येकांनी परत घ्या म्हणून विनवलं. यात खलनायक शोधून सापडणार नाही. कागद पाहिला तर योजना राबवली गेली, उद्दिष्ट पूर्ण झालं, पैसा खर्ची पडला. अशा गोष्टीवरचा चित्रपट कुणाच्या मरणावर संपवायची गरजच नाही. दावणीला गाय, समोर तिच्या खुराकाची उधारी, आणि पंचायत समितीत वाटपाच्या यशाबद्दल सत्कार समारंभ, एवढ्यावर तो संपला तरी पुरे.

दुसरा फसवा दुःखान्त म्हणजे 'सगळेच चोर'. मंत्री चोर, पोलीस चोर, पत्रकार चोर, शेवटी नायकही चोर. असा चित्रपट पाहून माणूस गोड शेवटाइतकाच निर्धास्त होतो. सगळेच तसे असतील तर माझ्या एका घरकुलाच्या हप्त्यासाठी मी दिलेल्या दोन हजारांचं काय घेऊन बसलात? चांगला दुःखान्त एवढी सूट देत नाही. नायक हरला, पण अमुक एका ठिकाणी, अमुक एका माणसानं तोंड फिरवलं म्हणून हरला. तो माणूस तोंड न फिरवता तर गोष्ट वेगळी झाली असती, एवढी फट त्यात ठेवलेली असते. ती फट नसेल तर मी त्याला शेवट म्हणणार नाही.

आणि तोंड फिरवणारा तो माणूस बहुतेक वेळा गावातलाच असतो. गोड शेवटाच्या चित्रपटात गाव निष्पाप असतं, वाईट माणूस शहरातून गाडीतून येतो. प्रत्यक्षात कागदावरचं शेततळं खोदायला गावातलाच सातबारा लागतो, मस्टरवरचे अंगठे गावातलेच असतात, आणि ते सगळं पाहून गप्प बसणाराही शेजारीच असतो.

गोड शेवट नेहमी खोटाच असतो असं मात्र मी म्हणणार नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत वर्षानुवर्षं ग्रामसभा चालवली, २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचा परवाना स्वतः देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातात आला. हा विजय खरा आहे. पण यावर चित्रपट काढायचा तर त्यात धाड नाही, फाइट नाही. आहेत त्या बैठका, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबणं, अभ्यास गट आणि उघडे हिशेब. इतकं सगळं दाखवायची ज्याची तयारी असेल त्यानं खुशाल सुखान्त करावा. तो त्यानं कमावलेला असेल.

निर्माते म्हणतात, ग्रामीण प्रेक्षकाला कडू शेवट झेपत नाही. हे कुणी ठरवलं कळत नाही. ज्या नाटककार राम गणेश गडकऱ्यांनी १९१९ च्या जानेवारीत आपल्या सावनेरला प्राण सोडला, त्यांचा 'एकच प्याला' दारूपायी संसाराची राखरांगोळी होऊन संपतो, आणि ते नाटक मराठी माणसानं पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतलं. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात, तर दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्तानं गावोगावी नाटकं लागतात, वडशाच्या नाटक कंपन्या रात्री सुरू करून पहाटेपर्यंत खेळ करतात, आणि बायाबापड्या लेकरांसह घोंगड्या पांघरून थंडीत बसतात. इतका वेळ बसणाऱ्या माणसाला शेवटची दहा मिनिटं कडू गेली तर तो उठून जाईल, असं मला वाटत नाही.

त्या मंचासाठी एक गोष्ट माझ्या डोक्यात आहे. गोष्ट धान खरेदी केंद्राची. चाळीस किलोच्या कट्ट्यामागे किलो-दोन किलो जादा तोलून घेतलं जातं, कुणी बोलत नाही. एक पोरगा तक्रार करतो. चौकशी लागते, पथक येतं, वजनकाटा जप्त होतो. इथंपर्यंत टाळ्या. मग केंद्राला सील लागतं. बारदाना बंद, मोजणी बंद, आधीच्या धानाचे चुकारे अडकलेले. अंगणात कट्ट्यांच्या थप्प्या लागल्या असताना अवकाळी पाऊस येतो, धानाला कोंब फुटतात, आणि ज्यांचं धान चोरलं जात होतं तेच लोक त्या पोराच्या दारात येऊन भांडतात, "तुले कोणं सांगतलं होतं शहाणपण कराले?" केंद्र पुन्हा उघडतं, तोच माणूस काट्याशी उभा असतो, आणि रांगेत सर्वांत शेवटी तो पोरगा. तक्रार मागे घेतल्याचा कागद त्याच्या खिशात असतो. सही त्यानं केली की नाही, हे नाटक सांगत नाही.

यात कुणी मरत नाही, कुणाला अटक होत नाही. भ्रष्टाचार स्वतःचं रक्षण कसं करतो हे मात्र सगळं दिसतं: तक्रारीची किंमत तो तक्रारदाराच्या शेजाऱ्याकडून वसूल करतो. पहिले काही प्रयोग पडतील, मंडळाला पैसे सुटणार नाहीत, हे धरून चालावं. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलंच, शेवट गोड का नाही केला म्हणून, तर त्यांना उलट विचारावं, मागच्या हंगामात तुमच्या कट्ट्याचं वजन किती भरलं होतं?